एका आठवड्याचा गव्हर्नर

सर, तुम्हाला जाऊन आता आठ वर्षं होतील. कॉलेज सोडल्यापासून नोकरीच्या अर्जांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. माझं अक्षर तुम्हाला चांगलं माहीत होतं. तुमच्या निळ्या रजिस्टरात त्याचं एक पान आहे, आणि त्या पानावर मी खोटं लिहिलंय.

एस.वाय.ला तुम्ही आम्हाला मुंबई इलाख्याचा गव्हर्नर शिकवत होता. आम्हाला वाटायचं, गव्हर्नर म्हणजे राजाच. तुम्ही म्हणालात, राजा कसला, नेमलेला माणूस. विलायतेत कागदावर सही व्हायची, हा बोटीत बसायचा, साधारण पाच वर्षं इथे कारभार करायचा, आणि तिकडून दुसरा कागद आला की सामान बांधायचा. शेजारी कौन्सिल, निर्णय बहुमताने. पण प्रांताच्या शांततेचा, सुरक्षिततेचा प्रश्न आहे असं त्याला वाटलं, तर तो एकटा सगळ्या कौन्सिलला बाजूला सारू शकायचा. फक्त कारण लिहून द्यायचं. ज्यांचा विरोध, त्यांनी तोही लिहायचा, आणि सगळं बोटीने लंडनला. ते पोचून उत्तर येईपर्यंत इथे जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. हे आमच्या डोक्यात शिरावं म्हणून तुम्ही दर सोमवारी वर्गात एक गव्हर्नर नेमायचात. अर्ध्या फुलस्केपवर तुमच्या हातचं नेमणूकपत्र, चौघांचं कौन्सिल, ते रजिस्टर. पंख्याखाली कोण बसणार इथपासून सबमिशन कधी घ्यायचं इथपर्यंत सगळं गव्हर्नर ठरवायचा. लंडन म्हणजे तुम्ही.

माझी नेमणूक झाली तेव्हा वर्ग हसला होता. आदल्याच महिन्यात मी कँटीनमध्ये एकाची कॉलर धरली होती. तुम्ही पत्र हातात देत म्हणालात, तापट माणसाच्या हातात अधिकार दिला की तो जरा थंड होतो, असा माझा अंदाज आहे. मी खूश होतो, पण त्याचं कारण वेगळं होतं सर. कौन्सिलमध्ये ती होती. दोन वर्षं मी तिच्या मागच्या बाकावर बसत होतो, आणि आता आठवडाभर तिला माझ्याशी बोलावंच लागणार होतं. ती बोललीसुद्धा. पण बोलायची ती बहुतेक त्याच्याबद्दलच. तो म्हणजे ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातला आमचा वर्गमित्र. सकाळी आईबरोबर मासळीच्या टोपल्या उचलून, बाजारात पोचवून मग कॉलेजला यायचा, त्यामुळे पहिली दोन लेक्चरं त्याची कायम बुडायची. ती त्याला नोट्स द्यायची. नोट्स देताना हसायची. बस, एवढंच होतं. मला तेवढं पुरलं.

त्याच आठवड्यात तुम्हाला अँजिओग्राफीसाठी अॅडमिट व्हावं लागलं. जाताना सांगून गेलात, शनिवारी बारापर्यंत प्रोजेक्ट गोळा कर, यादी ऑफिसात दे, इंटर्नलचे मार्क त्याच यादीवर जाणार आहेत. तो बारा वीसला आला. धावत जिना चढलेला, शर्ट घामाने ओला, फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळलेली. यादी अजून माझ्या हातात होती. कौन्सिलचे चौघंही म्हणाले, घे. ती म्हणाली, घे ना रे, काय फरक पडतो. त्या 'ना रे'ने माझं डोकं फिरलं. माझ्याशी ती कधी असं बोलली नव्हती, आणि बोलली तीही त्याच्यासाठी. मी म्हटलं, गव्हर्नर कौन्सिलला ओव्हररूल करतोय, आणि रजिस्टर उघडून लिहिलं : 'कारण : शिस्त.' खाली सही केली. तिने माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि खाली लिहिलं : 'तो धावत आला होता. तुझ्यासाठीही आम्ही थांबलो असतो.' मी तसाच ऑफिसात जाऊन यादी देऊन आलो. त्याचं नाव नसलेली.

बुधवारी तुम्ही परत आलात, रजिस्टर वाचलंत, आणि कुणाला काही न बोलता प्रिन्सिपॉलकडे गेलात. वर्गात येऊन म्हणालात, चूक माझी झाली, ऑफिसने दोनपर्यंत वेळ दिली होती, मी गव्हर्नरला बारा सांगितली, बिचाऱ्याने ती पाळली. त्याचा प्रोजेक्ट घेतला गेला, त्याचं वर्ष वाचलं. तुम्हाला मेमो मिळाला, रिटायरमेंटला सहा महिने उरलेले असताना. ऑफिसची वेळ बाराचीच होती, हे मला माहीत होतं. यादी द्यायला गेलो तेव्हा ऑफिसच्या बोर्डावर प्रोजेक्टची वेळ बाराचीच लिहिलेली मी वाचली होती.

मग तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही रजिस्टर माझ्याकडे सरकवून म्हणालात,

"अधिकार तुझाच होता, तो तू वापरलास. पण कारण खोटं आहे. खरं लिही, बाकी मला काही नको."

तुम्हाला कळलं होतं, यानेच मी पेटलो. तुम्ही कोण लागून गेलात लंडन, असं म्हणालो. आम्हाला खेळवता आणि वर शहाणपणा शिकवता, असंही म्हणालो. बाजूच्या मॅडम उठून बाहेर गेल्या. तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. मी गेलो तो परत आलोच नाही. घरी सांगितलं, प्रोफेसर त्रास देतो. गिरणी बंद पडल्यापासून वॉचमनकी करणाऱ्या माझ्या बापाने ते खरं मानलं.

तुम्ही घरी आलात तो दिवस अजून तसाच समोर येतो. घाटकोपरची आमची टेकडी, दीडशे पायऱ्या, आणि तुम्ही दर वळणावर थांबत चढताय, हे मी वरून बघतोय. मी पोटमाळ्यावर जाऊन आडवा होतो. खाली स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आई तुम्हाला स्टूल देते, चहा ठेवते. तुमचा श्वास मला वरपर्यंत ऐकू येतोय. आई म्हणते, "तो गावाक गेलो हा, सर." माझ्यासाठी ती खोटं बोलतेय. तुम्ही चहा पिऊन म्हणता, त्याला सांगा, परीक्षेचा फॉर्म मी भरून ठेवलाय, नुसती सही हवी. एवढ्यासाठी तुम्ही चढून आला होतात. माझ्या डोक्याखाली दोन फळ्या, त्याखाली तुम्ही. मी हललो नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेल्याचं कळलं, तेव्हाही आलो नाही.

हे सगळं मी मनात दाबून टाकलं असतं. पण गेल्या आठवड्यात तो भेटला, तोच. वांद्र्याला ऑफिसात असतो आता, मी तिथे एसी दुरुस्त करायला गेलो होतो. त्यानेच ओळखलं, मिठी मारली, हट्टाने चहाला नेलं. ती मुलुंडला असते म्हणाला, तिचं लग्न झालंय, त्याच्याशी नाही. तिच्याशी त्याचं तसं कधी काही नव्हतंच. मग त्या शनिवारचा विषय निघाला. तो हसत म्हणाला,

"तुझी काय चूक यार? सरांनीच टाईम चुकीचा सांगितला. वय झालं होतं बिचाऱ्यांचं."

खरं सांगायला जागा होती, वेळ होता. समोर ज्याचं वर्ष मी घालवणार होतो तोच बसला होता, आणि त्याच्या मनात माझ्याविषयी काही नव्हतं. रजिस्टरात खरं कारण लिहायचं तर, मी त्याच्यावर जळत होतो, एवढंच लिहायचं होतं. तेव्हा एक ओळ लागली असती.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहायला जमलं. पाठवायचं तर त्याला पाठवायला हवं. त्याचा नंबर आहे माझ्याकडे, त्यानेच सेव्ह करून दिला. त्या दिवशी मात्र मी बशीत चहा ओतला आणि म्हटलं, हो रे, सर शेवटी शेवटी विसरायला लागले होते.