पट्टीचा दोष नाही

१४ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. भावजींची कंबर आता बरी आहे हे वाचून हायसं वाटलं. माझं ठीक. प्रयोगशाळेच्या खिडक्या रंगवताहेत, त्या वासाने दिवसभर डोकं ठणकतं.

तुझ्या बिट्टीबद्दल तू विचारलंस: मोतीबिंदू काढला, भिंग बसवलं, डोळा आतून स्वच्छ आहे म्हणतात. मग सात वर्षांची झाली तरी पोरीला डाव्या डोळ्याने अक्षर का दिसत नाही? मीच चांगल्या डोळ्यावर पट्टी नीट लावली नाही का?

नाही. डोळा नुसता उजेड आत घेतो. बघायला मेंदू शिकतो. डोक्याच्या मागच्या भागात दोन्ही डोळ्यांकडून धागे येतात. ज्या डोळ्याकडून सतत संदेश येतात, त्याच्या धाग्यांना फांद्या फुटतात, ते पक्के होतात. गप्प डोळ्याचे आखडतात आणि त्यांची जागा दुसरा बळकावतो. हे सगळ्यात जोरात चालतं पहिल्या काही महिन्यांत. म्हणून एका डोळ्यात जन्मतःच मोतीबिंदू असेल तर तो दोनेक महिन्यांच्या आत काढायचा असतो. बिट्टीचा निघाला चौदाव्या महिन्यात. त्यानंतर चांगला डोळा झाकून जे थोडंफार परत मिळतं, ते तू मिळवलंस. त्या डोळ्याने ती दारातलं माणूस ओळखते, ती तुझी मेहनत.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं.

बिट्टी सहा आठवड्यांची असताना तू फोटो पाठवलास आणि लगेच फोन केलास. "अगं, हिच्या डाव्या बुबुळात पांढरं काय दिसतंय?"

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजत होते. "फ्लॅश असेल गं. नंतर बोलू."

संध्याकाळी फोटो मोठा करून पाहिला. फ्लॅश नव्हता. उद्या कळवू म्हटलं. शोधनिबंध पाठवायला चार दिवस उरले होते. मग आठवडा गेला, महिना गेला, आणि मग 'इतके दिवस गप्प का बसलीस' असं तू विचारशील याचीच धास्ती वाटायला लागली. तू पुन्हा विषय काढला नाहीस. का काढशील? मी सांगितलं होतं ना, आणि मी त्याच विषयातली.

पुढे तुझ्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आईला कळू नये?" तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसले होते. चहा संपवला आणि कप विसळायला उठले.

परवा बिट्टीच्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "पट्टी थांबवली तरी चालेल, रोजची रडारड नको. उजवा डोळा मात्र जपा, घराबाहेर चष्मा हवाच." तेवढं कर.

हे पत्र भावजींना दाखव, सासूबाईंनाही वाचून दाखव. बिट्टीला मात्र, ती मोठी झाली की, मी स्वतः सांगेन. ते काम तुझ्यावर नको.

उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

जिला तू वेळेवर विचारलं होतंस,
ती तुझी धाकटी