तुमची आणि कमळाकरची रेकॉर्ड

पनवेल, ८ डिसेंबर १९९६

प्रिय अहो,

नावानं कधी हाक मारली नाही, आता पत्रात कशी मारू? तुम्ही गेल्यापासून डायरी चुकली नाही, पण तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. माफ करा. लिहायला बसले की सूर तक्रारीचा लागायचा. गेलेल्या माणसाशी भांडणं बरं दिसतं का? आज मात्र भांडणारच आहे.

काल कमळाकर आला होता. तुमचा कमळाकर! तुमच्या बँजो पार्टीतला ऑक्टोपॅडवाला. लेकीच्या लग्नाची पत्रिका दिली, चहा प्याला आणि कपाटाकडे बघत म्हणाला, "वैनी, ती रेकॉड हाय ना? हळदीला लावायची व्हती. माझी तर उन्हात पापडावानी वाकली."

"देणार नाही, भावजी." इतक्या पटकन म्हणाले, की माझी मलाच लाज वाटली.

रेकॉर्ड तुम्हा दोघांची, हे खरंच. हळदीत ठेका तुटला की बायका खाली बसतात. म्हणून एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना तुम्ही कीबोर्डवर एकच सूर धरून ठेवायचात, आणि तेवढ्यात तो नवा ठेका लावायचा. गोव्याला निघालेला तो इंग्रज मुलगा, बस पळस्प्याला बंद पडली म्हणून मांडवात येऊन बसला, आणि त्याला गाण्यांपेक्षा ही मधली जागाच आवडली! नुसती तीच लांबवून त्यानं कॅसेटवर वाजवून घेतली. पुढच्या वर्षी तिकडून तिच्याच दोन रेकॉर्डी आल्या, एक तुम्हाला, एक कमळाकरला, सोबत चिठ्ठी: "आमच्याकडे नाचाच्या असल्या संगीताला आता प्रोग्रेसिव्ह हाऊस म्हणतात. कुणी फारशी विकत घेतली नाही, पण मला फार आवडते."

त्या आल्या त्या दिवशी तळोज्याच्या कारखान्यातून पाळी करून आलात आणि न जेवता सायकल काढून थेट कमळाकरच्या गावी गेलात. मी भाजी झाकून बसले होते. आधी मला का नाही दाखवलीत? नंतर ऐकवलीत तेव्हा मी विचारलं, "यात गाणं कधी सुरू होणार?" तुम्ही हसलात. त्यालाही सांगितलं असणार. दोघं मिळून हसला असाल.

आपण अन्याय तर करत नाही ना, म्हणून आज त्याला मांडववाल्याच्या दुकानात बोलावलं. तिथं जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. रेकॉर्ड त्याच्या हाती दिली नाही, मीच लावली.

कमळाकर गुडघ्यावर बोटं वाजवत होता. मग तुमचा तो सूर आला, आणि त्याची बोटं थांबली. डावीकडे बघत राहिला. तिथं घडीच्या खुर्च्यांची थप्पी होती.

"दादा तिथनं मान हलवायचे," तो म्हणाला, "मंगच मी ठेका मारायचो."

"वहिनी, हे अजून किती चालणार? सुई झिजेल माझी!" मांडववाला ओरडला.

"गप रं! तू कधी हळदीत नाचलास?"

मला हसू आलं नाही. मी तुमची वाट पाहिली ती जेवायला, पाळी सुटायला. पण तुमच्या नुसत्या मानेवर सगळं अडून राहावं, असं आपल्यात काय होतं? होतं का काही? त्याला तुम्ही अजून तिथं भेटता. मला कुठं भेटता?

निघताना म्हणाला, "वैनी, तुमच्याकडंच राहू द्या. दादांची हाय." त्याचा हा मोठेपणा मला आणखीच झोंबला.

रेकॉर्ड माझ्या कपाटातून हलणार नाही. तेवढी मत्सरी मी राहणारच. पण तिची कॅसेट भरून देईन. हळदीला जाईन, आणि तो सूर लागला की कमळाकरच्या डाव्या हाताला उभी राहून मान मी हलवीन. ठेका रेकॉर्डमध्येच आहे, माझ्या मानेवाचून अडणार नाही, हे कळतं मला. तरी हलवीन. हे वचन.

तुमचीच,
सुनंदा

उद्या: कोरी कॅसेट आणणे.