चौथ्या कोपऱ्याखालची विहीर

अंधेरी, १२ फेब्रुवारी १९६८

तीर्थरूप बाबांस अनंताचा नमस्कार.

मी खुशाल आहे. धाकट्या कमळचा ताप उतरला का?

इथं चार मजली इमारतीचा पाया खणतोय. तीन कोपऱ्यांत आठ फुटांवर कातळ लागला. चौथ्यात मात्र पहार नुसती आत जात होती. मुकादम म्हणाला, "काँक्रीट ओत रे, कोण बघायला येतंय?" मी म्हटलं, "एक बाजू खचली तर भिंती फाटतील. साहेबांना दाखवल्याशिवाय ओतणार नाही." त्यानं कामावरून काढायची धमकी दिली.

तरी मी आमचे इंजिनिअर दाते साहेबांना बोलावलं. ते स्वतः खड्ड्यात उतरले. आणखी खणलं, तर खाली बुजवलेली जुनी विहीर! खणताना कड ढासळली, माझा पाय जरा मुरगळलाय. आईला सांगू नका. आता गाळ उपसून विहिरीच्या तळच्या कातळापासून काँक्रीट भरत आणायचं. बाकीचे खड्डे तपासायचं काम साहेबांनी मलाच दिलंय. मुकादम बोलत नाही.

काल साहेबांनी विचारलं, "तुमच्या गावी समुद्राकाठच्या वाळूत घराचा पाया कसा घालतात?"

बाबा, तुम्ही तशी कितीतरी घरं बांधलीत, पण मी कधी विचारलंच नाही. मी म्हटलं, "बाबांना पत्र लिहून विचारतो."

साहेब म्हणाले, "लवकर लिही. मलाही शिकायचंय."

तुमचा,
अनंता