काळे स्क्रू

शनिवार, संध्याकाळ. वसई

दिवसभर बांधकामाच्या साइटवर, आणि घरी आल्यावर हे. आमच्या सुतार सायमनकाकांनी नव्या लाकडी गॅलरीची तुळई छताचे जिप्सम बोर्ड बसवायच्या काळ्या स्क्रूंनी बसवली. उद्या दादाच्या लग्नाचा बँड तिथेच उभा राहणार.

"काका, हे स्क्रू वाकत नाहीत, थेट तुटतात. इथे बोल्ट हवेत."

"पोरी, तुझा पाळणा मीच ठोकला."

"त्यात बँड नव्हता."

पप्पा पुटपुटले, सुताराचा मान राख. मी वाद वाढवला नाही. जमलेल्या पाहुण्यांसमोरच एक काळा स्क्रू शिकंज्यात धरून हातोडी मारली. खडूसारखा मोडला. मग साधा खिळा. तो नुसता वाकला.

काकांनी मोडलेला तुकडा उचलला. "किती जाडीचे बोल्ट?"

पहिल्यांदाच त्यांनी मला माप विचारलं. मग बरं का वाटलं नाही? चारचौघांत दाखवायची गरज होती का?