परीक्षक क्रमांक तीन

नागपूर
१८ फेब्रुवारी १९८७

प्रिय गिरिधर,

पत्र फाडू नकोस, आधी वाच. स्पर्धेच्या दिवशी तू न जेवता भोपाळची गाडी धरलीस, त्याला आज सतरा दिवस झाले. तुझा कप अजून फ्लाइंग क्लबच्या कपाटात कुलपात आहे, आणि तो माझ्या तक्रारीमुळे अडकला आहे. तुझी आई माझ्याशी फक्त भाजी वाढू का, एवढंच बोलते.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. दूधवाल्यापासून रेडिओवरच्या बातम्यांपर्यंत माझा कशावर विश्वास नाही. वायुदलात पोरांना विमान उलटंसुलटं करायला शिकवताना हाच स्वभाव कामी आला. स्क्रू ढिला असेल असा संशय घेतो तोच माणूस खाली नीट उतरतो. म्हणूनच क्लबच्या भैयाजींनी हवाई कसरतींच्या स्पर्धेला परीक्षक व्हा म्हटलं, तेव्हा मी साफ सांगितलं की माझा मुलगा उडतो आहे, मला बसवू नका. सेक्रेटरी माणूस, हसण्यावारी नेलं. "काहून चिंता करून राहिले काका? कोणी आपल्या माणसाले जास्त मार्क देल्ले, तं कॉम्प्युटर पकडते!"

तिथेच मला खटकलं. गुण आम्ही पाच जणांनी द्यायचे, आणि पाचांत कोण पक्षपाती हे शामलाने लिहिलेला प्रोग्रॅम ठरवणार. शामला म्हणजे तीच ना, जिच्याबरोबर तू सीताबर्डीवर उसाचा रस पिताना मला दोनदा दिसलास? मी तेव्हा बोललो नाही, पण मनात ठेवलं.

मग निकाल लागला. कडेला भोकं असलेला तो लांबलचक कागद भैयाजींनी वाचला. परीक्षक क्रमांक तीनने वैमानिक क्रमांक सातला दिलेले गुण बाद. तीन म्हणजे मी आणि सात म्हणजे तू. माझे गुण धरले असते तर तू दुसरा आला असतास, ते काढले म्हणून पहिला. डोळ्यांत तेल घालून दिलेले माझे गुण एक पोरगी पुसून टाकते आणि तिचाच मित्र पहिला येतो, याचा मी दुसरा काय अर्थ लावणार होतो? तिथेच कागद मागितला आणि तक्रार लिहिली. त्यात 'संगनमत' हा शब्द घातला. तू समोर उभा होतास, पण मी मान वर केली नाही.

परवा शामलाने मला कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं. देवळात जावं तशा चपला बाहेर काढाव्या लागल्या. मी माझी वही घेऊन गेलो होतो, तिची लबाडी पकडायला. ती म्हणाली की मशीनला नावं ठाऊकच नसतात, नुसते आकडे. कोणता नंबर कोणाचा, त्या चिठ्ठ्या भैयाजींकडे कुलपात होत्या. मला खरं वाटेना. तेव्हा तिने त्या दिवशीचा पहिला कागद काढला. चिठ्ठ्या उघडण्याआधीच भैयाजींनी त्यावर वेळ घालून सही केलेली. सहीशेजारी पेन्सिलीने तिचं अक्षर होतं: 'तीन नंबरवाल्यांचा सात नंबरवर काही राग हाय काय? विचारणे.'

मी तिथेच बसून सगळे आकडे हाताने मांडले. बाकीच्या अकरा जणांना माझे गुण इतर चौघांच्या आसपास होते. फक्त तुला प्रत्येक कसरतीला दीड-दोन कमी. मला चिठ्ठीची गरज नव्हती रे, विमान वर जाताच तुझा हात मी ओळखला होता. त्या संथ गिरकीला चौघांनी आठ-साडेआठ दिले, मी सहा. गुण का कापले, ते लिहायला माझ्या वहीत एक रकाना असतो. तुझ्या पानावर तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

आपल्याकडे लग्नात घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. मी तुला जन्मभर तिथेच बसवलं. सावनेरला तुझ्या मावशीच्या लग्नात तू "बाबा, मले भूक लागली" म्हणून माझा सदरा ओढत होतास आणि मी आधी पाहुणे, आधी पाहुणे करत राहिलो. तू बसलास तेव्हा बुंदी संपली होती. मी याला न्याय म्हणत आलो. लोक काय म्हणतील या भीतीने मी तुझ्याच पानातलं काढून घेत होतो, आणि वर तुझ्यावरच संशय घेतला. मला लाज वाटते, गिरिधर.

शामलाची मी माफी मागितली. तक्रार मागे घेतली, आणि तो पेन्सिलीचा कागद माझ्या नावासकट क्लबच्या फळ्यावर लावायला सांगितला. भैयाजी रविवारी कप देणार आहेत, पण तो घ्यायला तू हवास. एवढ्यासाठीच हे पत्र. शामलाही जेवायला येणार आहे. आई बुंदी पाडणार आहे. तू पहिल्या पंगतीला बस, वाढायला मी उभा राहीन. आणि ती गिरकी नऊची होती. त्या चौघांनीही तुला कमीच दिले, असा मला दाट संशय आहे.

तुझाच,
बाबा