सेलीम खिंडीतल्या पुऱ्या

९ मे, सुरत

चार ट्रंका भरल्या. एकीत पिठं, एकीत डाळ-तांदूळ, एकीत मसाले, लोणची आणि खाखरे. चौथीत भांडी. मोठी कढई मी स्वतःच उचलतो, तिच्या बाबतीत दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाही.

उद्या निघायचं. शारजामार्गे आर्मेनिया. बत्तीस पॅसेंजर, सगळे सुरतचे, दुबई-बँकॉक करून कंटाळलेले. म्हणून कंपनीनं ‘फारसं कोणी न पाहिलेली ठिकाणं’ अशी टूर काढलीय. गेल्या वर्षीही हीच टूर होती आणि आचारी मीच होतो. ठिकाणं मात्र मीही पाहिलेली नाहीत. बस थांबली की लोक फिरायला जातात आणि मी शेगडी पेटवतो. अकरा वर्षांत सतरा देश झाले, आणि सतराही देशांत मी डाळ-भातच पाहिला!

जेवताना माझ्या मुलीनं, दिपालीनं, २३ तारखेची यादी वाचून दाखवली. तिच्या आईचं वर्षश्राद्ध आहे. नंदुरबारचे, अमळनेरचे, इथले डिंडोलीतले, सगळे होते. धर्मेंद्रचं नाव नव्हतं. मी विचारलं नाही तरी तीच म्हणाली, तो माणूस या घरात नको.

धर्मेंद्र आमचा टूर मॅनेजर. आमच्याच सोसायटीत राहतो. मी कामाला होतो ती कापडाची लूम बंद पडली तेव्हा मला या धंद्यात त्यानंच आणलं. माझी बायको चंचल त्याला राखी बांधायची. गेल्या वर्षी चंचल गेली तेव्हा आम्ही दोघं आर्मेनियात होतो, आणि टूर संपेपर्यंत त्यानं मला कळूच दिलं नाही, असं आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत आहे. अग्नी दिपालीनं दिला. एकटीनं.

मी वरणभात कालवत राहिलो. वरण कसं झालं होतं ते सांगता येणार नाही. वर्ष झालं, मला चव लागत नाही. तिखट नाही, गोड नाही, काही नाही. हे कोणाला सांगितलेलं नाही. आचाऱ्याला चव नाही म्हटल्यावर कोण ठेवून घेईल?

१० मे, येरेवान

पोचलो. हॉटेलवाल्यानं किचनचा एक कोपरा दिला. खिचडी-कढी केली. थंडी आहे.

११ मे

आज गार्नीची दरी. धर्मेंद्र म्हणाला, लोक परत यायला तास आहे, तू पण चल. गेलो.

डोंगराच्या पोटाला दगडाचे खांब लटकलेत. सहा बाजूंचे, एकाला एक चिकटून, हजारो. कोणी घडवलेले नाहीत, ज्वालामुखीचा रस थंड होताना आपोआप झाले म्हणे. मला सुताच्या गोडाऊनमध्ये बॉबिनची थप्पी पाहिल्यासारखं वाटलं. लोक माना वर करून ‘अरे वाह, अरे वाह’ करत होते. एक शेठ तर खाली आडवा पडून फोटो काढत होता. मीही मान वर केली. मान दुखली.

काही वाटावं म्हणून थोडा वेळ आणखी थांबलो. नाही वाटलं. मग जाऊन भजीचं पीठ भिजवलं.

या खेपेला एक बरं आहे. ताराबेन म्हणून सत्तरीच्या बाई आहेत, कतारगामच्या. त्यांनी घरचे ठाकोरजी, म्हणजे बाळकृष्ण, सोबत आणलेत. छोटीशी पितळी मूर्ती, वेताच्या टोपलीत, अंगात लोकरीचा सदरा. बसमध्ये खिडकीची सीट ठाकोरजींची! आधी त्यांना थाळ, म्हणजे नैवेद्य, दाखवायचा, मग बाकीचे जेवणार. आणि थाळ दाखवायच्या आधी आचाऱ्यानं काही चाखायचं नाही, असा त्यांच्याकडे दंडकच आहे. ताराबेननी पहिल्याच दिवशी मला बजावून सांगितलं. मी मान डोलावली. वर्षभर मी चाखल्याचं नाटक करतोय, निदान आठ दिवस तेवढं करावं लागणार नाही.

१२ मे

अरेनीची गुहा. इथं साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा जोडा सापडला, आणि त्याहूनही जुनी दारू गाळायची जागा. दारू म्हटल्यावर आमचे सुरतवाले एकदम इतिहासप्रेमी झाले. गाइडला शंभर प्रश्न! मी बाहेर बटाटे सोलत होतो.

कोणाचा तरी जोडा. एकाच पायाचा. दुसरा कुठं गेला हे कोणी विचारलं नाही.

१३ मे, सेलीम खिंड

आज खरं लिहायचं. वहीत लिहून काय होणार आहे, पण लिहितो.

खिंडीच्या वरच्या अंगाला एक जुनी सराई आहे, दगडी, ठेंगणी, पाठीवर गवत उगवलेली. सातशे वर्षांपूर्वी व्यापारी लोक जनावरं घेऊन हा डोंगर ओलांडायचे आणि बर्फात अडकले की इथं मुक्काम करायचे. गेल्या वर्षी आमची बस इथंच थांबली होती. लोक आत गेले होते. मी बाहेर, वाऱ्याला पत्र्याचा आडोसा लावून पुऱ्या तळत होतो. माझा फोन परदेशात चालत नाही, म्हणून घरचे फोन धर्मेंद्रच्या फोनवर यायचे. तो हातात फोन घेऊन आला. त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं. तरी त्यानं सांगितलं. चंचलताईला सकाळी अ‍ॅटॅक आला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. येरेवान तीन तासांवर आहे, गाडी बोलावतो, संध्याकाळच्या विमानात बसवतो, असं भराभर बोलत होता.

मी म्हटलं, "पुऱ्या आर्ध्या राह्यन्यात."

हेच म्हणालो. मग त्याला म्हटलं, कोणाला सांगू नको, मी टूर पुरी करून येतो. त्यानं दोनदा समजावलं. मग फोन खिशात घातला. मी उरलेल्या पुऱ्या तळल्या, वाढल्या, भांडी घासली. पुढचे पाच दिवस बत्तीस-चाळीस माणसांना दोन वेळा जेवायला घातलं. एक पदार्थ बिघडला नाही!

का केलं, हे मला वर्षभर नीट सांगता येत नाही. पैशासाठी नाही. नोकरीसाठीही नाही. मी घरी गेलो नाही तोवर ती घरी आहे, इतकंच डोक्यात होतं. डिंडोलीत, गॅसपाशी, टीव्हीचा आवाज मोठा करून. मी गेलो की नसणार.

सुरतच्या विमानतळावर दिपाली समोर आली आणि मी तिला म्हटलं, मला आत्ताच, उतरल्यावर सांगितलं याने. धर्मेंद्र माझ्या शेजारी ट्रॉली धरून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. दिपालीनं सगळ्या लोकांसमोर त्याला नाही नाही ते सुनावलं. तो एक शब्द बोलला नाही. आजवर बोलला नाही. एवढा बडबड्या माणूस, या एका गोष्टीत मुका!

आज मी सराईत आत गेलो. दार इतकं लहान की वाकावं लागतं. आत अंधार. छताला एक भोक, तेवढाच उजेड. दोन्ही कडेला जनावरांच्या दगडी गव्हाणी. धर्मेंद्र मागून आला आणि चहाचा कप पुढे केला. दोघंही गव्हाणीच्या काठावर टेकलो. मला वाटलं, इथं तरी मला रडू येईल. चहा संपला.

१४ मे, नोरातुस

पकडला गेलो.

नोरातुस म्हणजे एक जुनं कब्रस्तान, सेवान सरोवराजवळ. उघड्या माळावर शेकडो दगड उभे, प्रत्येकावर कोरीव काम, जाळीसारखं बारीक. काही आडव्या दगडांवर माणसं कोरलीत. एकावर लग्नाचं जेवण आहे. नवरा-नवरी, बाजूला ताटं-भांडी, आणि काहीतरी भाजत बसलेला माणूस. थडग्यावर आचारी! लोकांनी मला ओढत नेऊन त्याच्यासोबत फोटो काढला.

नंतर भिंतीच्या कडेला मी शेगडी मांडली. डाळ, भात, बटाट्याची भाजी. ताराबेननी ठाकोरजींना थाळ दाखवला, पडदा धरला, सगळं यथासांग. मग पंगत बसली. जेवणं झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या, हातात मिठाचा डबा.

"महाराज," त्या म्हणाल्या, "मारा ठाकोरजी बे दिवसथी मोळुं जमे छे. एमणे फरियाद नथी करी, एटले में पण नथी करी."

म्हणजे दोन दिवस सगळे अळणी जेवतायत! आणि मला पत्ता नाही. म्हणाल्या, त्यांनीच गुपचूप सगळ्यांच्या पानात मीठ वाढलं आणि सांगितलं की थाळाची डाळ अशीच असते. मी कशीबशी माफी मागितली. त्यांनी विचारलं, तुम्हाला कळतच नाही ना? मी म्हटलं, नाही. कधीपासून? मी म्हटलं, बायको गेल्यापासून. आणि मग मी बोलतच सुटलो. पुऱ्या, फोन, पाच दिवस, विमानतळ. माझ्या तोंडून हे पहिल्यांदाच बाहेर पडत होतं, तेही चार दिवसांच्या ओळखीच्या बाईपुढे, मोडक्या गुजरातीत. बोलताना मी कढई घासत होतो. दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं वाटत होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सांत्वन नाही, काही नाही.

"आ वात दीकरीने कहेवानी होय, मने नहीं," म्हणाल्या, आणि डबा ठेवून गेल्या.

मुलीला सांगायची गोष्ट मुलीलाच सांगावी. कळतं मला. पण एकटीनं आईला अग्नी देणाऱ्या मुलीला काय सांगू? की तुझा बाप सुखरूप होता, विमान होतं, तिकीट होतं, आणि तो पुऱ्या तळत होता? तिनं मला घराबाहेर काढलं तरी चालेल. तिनं माझ्याकडे पाहणं सोडलं तर?

१५ मे

आता ताराबेन आधी थाळ दाखवतात, मग ठाकोरजींच्या पानातला घास खाऊन मला बोटांनी खूण करतात. एक बोट म्हणजे मीठ कमी, दोन म्हणजे बरोबर. बाकीचे जेवायच्या आत मी दुरुस्त करतो. आज दोन बोटं.

१७ मे, सुरत

परत. विमानतळावर दिपाली आली होती. धर्मेंद्र लांबूनच रिक्षात बसून गेला. एकाच सोसायटीत जायचं, दोन रिक्षा.

१९ मे

ठरवलं होतं. दिपाली कामावरून आली, ती एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढते, डोळे लाल झालेले. उद्या सांगू म्हटलं.

धर्मेंद्रच्या बायकोनं खाली जिन्यात विचारलं, तेवीसला किती वाजता आहे? मी म्हटलं, दिपालीला विचारून सांगतो. ती हसली नाही, रागावली नाही, पिशवी घेऊन वर गेली. लाज वाटली. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, तेही लाजच.

२१ मे

आजही नाही. मंडपवाला येऊन गेला.

२२ मे

सकाळी दिपाली परातीत डाळ निवडत होती. समोर बसलो आणि सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिचा हात थांबला नाही.

"माले त्याच दिन ठाऊक व्हतं, बापू," ती म्हणाली.

मी येत नाही म्हटल्यावर धर्मेंद्रनं तेव्हाच तिला फोन करून सांगितलं होतं. लोक मला नावं ठेवतील म्हणून दोघांनी मिळून ठरवलं. दोष त्यानं घ्यायचा, भांडायचं हिनं. यादीतलं त्याचं नावही तिनं मुद्दाम गाळलं होतं, निदान त्यामुळे तरी मी तोंड उघडेन म्हणून. वर्षभर ती वाट पाहत होती.

तिनं परात बाजूला सारली. मी चंचलसाठी पहिल्यांदा रडलो, चांगला अर्धा तास. धर्मेंद्रला उद्या दहाला बोलावलंय.