साठच्या वरचा आकडा

५ जानेवारी २००९, सोमवार

दोन वाजायला चार मिनिटं असताना यादी गेली. हुश्श.

कंपनीने मला दोन आठवडे एका मदतसंस्थेला उसनं दिलंय. त्यांना नकाशे कळणारं माणूस हवं होतं, आणि सिंगापूर गाझाच्या सहा तास पुढे, म्हणजे तिथे सकाळ होईपर्यंत इथे काम तयार. बासेम तिथे जीपीएसचं यंत्र हातात घेऊन फिरतो. शाळा, दवाखाने, जिथे जिथे लोक जीव मुठीत धरून बसलेत, तिथले अक्षांश-रेखांश मला मेसेज करतो. मी ते नकाशावर बसवते. तमार राहते अश्कलोनला, म्हणजे कुंपणापलीकडे, इस्राएलमध्ये. ती ही यादी सकाळी आठला त्यांच्या सैन्याच्या कचेरीत देते — इथे माणसं आहेत, इथे मारू नका. एवढंच काम. एवढंच!

आज एक गंमत. बासेमचं जुनं यंत्र बंद पडलं म्हणून शनिवारी त्याने दुसरं उसनं आणलं. आज एका नव्या शाळेचा आकडा पाठवला — एकतीस अंश, एकतीस मिनिटं, ७३ सेकंद. ७३! सेकंद एकोणसाठच्या पुढे जात नाहीत हे आमच्या श्रियालाही कळतं, आणि ती चौथीत आहे. घाईत चुकला असणार बिचारा. विचारलं असतं, पण दोन वाजत आले होते. ५१ टाकून पाहिला तर खूण बरोबर रस्त्याला लागून बसली. झकास. तोच ठेवला, मेसेज पुसला. इनबॉक्स भरला की नवे येत नाहीत, आणि मला पसारा आवडत नाही.

६ जानेवारी

बासेमशी पहिल्यांदा फोनवर बोलले. मागे सारखं काहीतरी धडधडत होतं. त्याने विचारलं, तुमच्याकडे किती वाजले? म्हटलं, पावणेचार. म्हणाला, "म्हणजे तुम्ही आमच्या पुढे आहात. मग सांगा ना, पुढे काय झालं?" आणि स्वतःच हसला. मला काही हसू आलं नाही.

तमार आणि तो आठ वर्षं फोनवर बोलतायत. भेट एकदाही नाही. तमार त्याच्यासाठी अरबी शिकली. आज तिच्याशी बोलताना मध्येच सायरन. "थांब," म्हणाली, फोन तसाच टाकून पळाली. मी इकडे एसीत बसून तिच्या रिकाम्या खोलीचा आवाज ऐकत राहिले. रॉकेट कुठेतरी लांब पडलं. ती परत आली आणि म्हणाली, हां, कुठे होतो आपण?

७ जानेवारी

आजपासून रोज दुपारी तीन तास मारा थांबणार आहे म्हणे. एक ते चार. आपले संध्याकाळचे सात ते दहा.

श्रियाच्या गृहपाठात एक गणित होतं, प्रवासाला १.५ तास. तिने एक तास तीस मिनिटं लिहिलं होतं. माझं लक्ष मोबाइलकडे. मी पेनाने खोडून एक तास पन्नास केलं! पोरगी वैतागली. "आई, वन पॉइंट फाइव्ह इज हाफ लह! यू ऑल्वेज एनीहाऊ चेंज वन." म्हणजे, मी नेहमी मनाला येईल तसं बदलते. तिचा बाबा, शैलेंद्र, तुआसच्या कारखान्यातून थकून आला होता, जेवता जेवता म्हणाला, "तुला तिने विचारलं होतं का?" भांडले त्याच्याशी. खरं बोलला म्हणूनच भांडले.

८ जानेवारी, गुरुवार

नीट लिहिते.

सिटी हॉल स्टेशनवर मेट्रो बदलत होते. श्रियाचं गणित डोक्यातून जात नव्हतं — पॉइंट फाइव्ह म्हणजे अर्धा. आणि तिथेच जिन्यावर पाय थांबले. मागचे लोक अंगावर आले.

बासेमचं नवं यंत्र सेकंद दाखवतच नाही. ते मिनिटाचे शंभर भाग करतं! तो पाठवतो ३१.४०, आणि मी लिहिते एकतीस मिनिटं चाळीस सेकंद. खरे होतात चोवीस. सोळा सेकंदांचा फरक, म्हणजे जमिनीवर जवळजवळ अर्धा किलोमीटर. तो चुकला नव्हताच. चुकले मी.

वन-नॉर्थला ऑफिसात पोचून पर्सही खाली न ठेवता हिशेब केला. शनिवारपासूनच्या अकरा जागा चुकीच्या. दहा लगेच सुधारल्या. अकरावी ती नवी शाळा. तिचा मूळ आकडा मी स्वतः बदलला होता. आठवत नाही! साठच्या वरचा होता एवढंच आठवतं. ६८? ८१? मेसेज पुसलेला. आमचा नकाशा जुना, ही शाळा त्यावर नाहीच. टेबलावरचा प्रत्येक कागद पाहिला, कचऱ्याची टोपलीही उपसली.

तमारला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "म्हणजे तीन दिवस आपण रिकामा रस्ता वाचवत होतो. आणि शाळेत चाळीस कुटुंबं आहेत." कचेरीला अंदाज चालत नाही. नेमका आकडा हवा.

बासेमचा फोन लागेना. तमार म्हणाली, त्याच्या फोनात पाठवलेले मेसेज राहत नाहीत, आकडे तो वहीत टिपतो, पण ती वही घरी राहिली आणि घर सोडून ते सगळे मावशीकडे गेलेत.

शैलेंद्रला अजून सांगितलं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

सात वाजता मारा थांबला तसा बासेमचा फोन लागला. सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "मी चुकलोय असं वाटलं तुम्हाला? शिक्षिका होतात का पूर्वी?" वीस मिनिटांची वाट, म्हणाला. जातो, शाळेच्या दारात उभा राहून आकडा घेतो, चारच्या आत परत येतो. मी म्हणायला हवं होतं, नको जाऊ. पण चाळीस कुटुंबं. मी "सांभाळून जा" म्हटलं.

आठ. साडेआठ. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले, भाताची पार खीर झाली. तशीच वाढली. नऊला शैलेंद्रला सगळं सांगितलं. त्याने माझ्या हातातला मोबाइल काढून टेबलावर मधोमध ठेवला आणि समोर बसून राहिला.

नऊ अठ्ठेचाळीस — आला! ३१.७३. खाली लिहिलंय, "शाळा जागेवर आहे. मुलं फार दंगा करतात. निघतो."

तमारने तिथल्या तिथे कचेरीत कळवलं. नोंद झाली. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. मग श्रियाला उगाचच घट्ट जवळ घेतलं. तिने विचारलं, "व्हॉट आय डू?"

१० जानेवारी

रात्री त्या भागात बरंच काही झालं. शाळेला धक्का नाही, तमारला तिथून निरोप आला. चाळीसही कुटुंबं ठीक.

बासेमचा फोन लागत नाही. बॅटरी संपली असेल. तिथे वीजच नाही.

११ जानेवारी

तमारने त्याच्या बहिणीला गाठलं. शुक्रवारी दुपारी गेला तो मावशीकडे परतलेलाच नाही. वाटेवरच्या दोन इमारती पडल्यात. तमार दुसऱ्या फोनवर तिच्याशी अरबीत बोलत होती, मग माझ्याशी इंग्रजीत, मग मधेच स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि थांबली.

यादीत शाळा बसतात, दवाखाने बसतात. चालणारा माणूस कुठे बसवायचा?

१२ जानेवारी

फोन बंद.

शैलेंद्र म्हणतो, तू चूक लपवली नाहीस, म्हणून ती मुलं वाचली. बासेम त्यांच्यासाठी गेला, आणि जाण्यावाचून इलाज नव्हता. दुसरा मार्गच नव्हता. दिवसभर हे वाक्य धरून राहिलेय.

१३ जानेवारी, मंगळवार

तमारला सगळं तारीखवार लिहून हवंय. म्हणून ही वही मागे उलटली. पाच तारीख, सोमवार. माझ्याच अक्षरात, तेही दोनदा — ७३.

वही आठ दिवस उशाशी होती. त्याला जायची गरजच नव्हती.